खिडकीच्या आतला माणूस

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांबद्दल माझं मत बरीच वर्षं वाईट होतं, हे आधीच सांगून टाकतो. मी सरकारी एआरटी केंद्रातला, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रातला, औषधनिर्माता. काम खिडकीच्या आतलं. पेशंटच्या उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक बघायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, महिन्याची डबी द्यायची, सही घ्यायची. २००४पासून सरकार ही औषधं मोफत देतं. एवढा मोठा कारभार शिस्तीशिवाय चालत नाही, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. फक्त शिस्त म्हणजे माझी खिडकी, अशी माझी समजूत होती. संघटनेच्या ताया पेशंटबरोबर यायच्या, त्याच्या वतीनं हुज्जत घालायच्या. ‘यांना औषधातलं काय कळतं?’ असं मी चहाच्या वेळी म्हणायचो. त्यातल्या कितीतरी जणी तीच गोळी रोज रात्री घेत होत्या!

१९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्सच्या रुग्णांनी जाहीरनामा काढून निर्णयात आपला वाटा मागितला होता, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णाकाठ पाण्याखाली गेला, तेव्हा ‘पाणी ओसरलं की येतील’ म्हणून मी खिडकीतच बसून राहिलो. गोळ्या थांबल्या की विषाणू काही आठवड्यांत परत डोकं वर काढतो, हे पेशंटना बजावून सांगणारा मीच.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली. आमच्याकडे खूप जण लांबून यायचे. गावाजवळच्या केंद्रावर कुणी ओळखीचं भेटेल, या भीतीनं दोन तालुके ओलांडून येणारे. आता नाक्यावर पोलीस विचारणार, कुठं चाललात, कशासाठी? जे लपवण्यासाठी माणूस एवढा लांब येत होता, तेच त्याला रस्त्यात उभं राहून सांगावं लागणार होतं. आमच्या कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे नॅकोनं, कळवलं की तब्येत स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, दुसऱ्या केंद्राचा पेशंट असला तरी द्या, कार्यकर्त्यांमार्फत पोहोचवा. मला पटलं नाही. हरवतील, भिजतील, भलत्याच्या हातात पडतील. चूक झाली तर सही माझी.

एका सकाळी एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार देणाऱ्या ‘विहान’च्या केंद्रातल्या एक ताई आल्या. मी न आलेल्यांची यादी काढून ठेवली होती. मी नाव वाचायचो आणि त्या न थांबता सांगायच्या. ‘हिच्या सासूला माहीत नाही, घरी जायचं नाही. सकाळी डेअरीवर दूध घालायला येती, तिथं देते.’ ‘ह्याचा फोन बायको उचलती, संध्याकाळी मीच लावते.’ ‘ही माहेरी गेलीय, तिकडच्या ताईंना सांगितलंय.’ माझ्या रजिस्टरमध्ये या लोकांचं वजन होतं, सीडी-४ पेशींची संख्या होती, पुढची तारीख होती. घरात कुणाला काय माहीत आहे, हे कुठंच नव्हतं. त्याचा रकानाच नव्हता.

मग त्यांनी माझ्यासमोर डब्यांची लेबलं नखानं खरवडून काढली. प्रत्येक डबीत कापसाचा बोळा कोंबला. मी विचारलं, हे कशाला? ‘वाजती ना साहेब. पिशवीत वाजली की घरातली विचारत्यात, कसल्या गोळ्या.’

लेबल फाडलेली डबी आणणाऱ्या कितीतरी जणांना मी त्याच खिडकीतून झापलं होतं. सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात. बेशिस्त समजून. त्यातली एखादी बाई पुढच्या महिन्यात आली नाही, की तिच्या नावापुढं मी ‘गैरहजर’ लिहायचो. तिला मीच घालवलं असेल, हे मला त्या सकाळपर्यंत एकदाही सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बीडच्या संघटनेतून फोन आला. तिकडचं ऊसतोडीचं एक जोडपं आमच्या भागातल्या कारखान्यावर अडकलं होतं, गोळ्या संपत आल्या होत्या. हिरवं पुस्तक गावी. एरवी मी बदलीचा कागद मागितला असता. ताईंनी बीडहून पुस्तकाच्या पानाचा फोटो मागवला, मी गोळ्या काढून दिल्या, ताई त्या जोडप्याच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन देऊन आल्या.

मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्सचा अंदाज आला. उपचार सहा महिने खंडित झाले, तर आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या देशांत पाच लाख जास्तीचे मृत्यू होऊ शकतात. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा तिथंही एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संघटनाच औषधं पोहोचवत होती. ते वाचून मला नवल वाटलं नाही. कुठलीही बातमी वाचण्याआधी मी तो कापसाचा बोळा पाहिला होता.

नियम नकोत, असं मी म्हणत नाही. साठ्याचा हिशेब लागलाच पाहिजे, आणि ताई तो माझ्यापेक्षा काटेकोर ठेवायच्या. पण पावसाळ्याआधी आपत्तीच्या तयारीच्या बैठका होतात. बोटी, लाइफ जॅकेट, निवाऱ्याच्या शाळा यांची मोजदाद होते. त्या बैठकांना या तायांना बोलवा. कुणाला कुठं गाठायचं, हे ठरवायचा अधिकार त्यांना द्या, आणि त्यांच्या पेट्रोलचे पैसे वेळेवर द्या. त्या उन्हाळ्यात ते त्यांनी पदरचे घातले होते.