वळिवड्याच्या बराकी

आजरा,
भाऊबीज

चि. सोनू हिस,


परवा फोनवर तू रडलीस, ते मनातून जात नाही. मार्चमध्ये तुला एकवीस वर्षं पूर्ण होतील आणि बाबांच्या एच-वन-बी व्हिसामुळे मिळालेला तुझा एच-फोर संपेल. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं, त्यांतली एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांच्या आसपास. म्हणून भारतीयांची रांग सरकतच नाही. अडीच वर्षांची असताना तुला कडेवरून अमेरिकेला नेलं. आता कायदा म्हणतो, विद्यार्थी व्हिसा मिळव, नाहीतर देश सोड.

मग तू म्हणालीस, "मावशी, कागद नसलेल्यांना संरक्षण, आणि आम्ही सगळे नियम पाळले तर आम्हालाच नाही!" त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहितेय.

तुझी तक्रार खरी आहे. ओबामांच्या सरकारने 15 जून 2012 रोजी जाहीर केलेली डीएसीए योजना सोळाव्या वाढदिवसाआधी अमेरिकेत आणल्या गेलेल्या, पण कागद नसलेल्या मुलांसाठी होती. त्या दिवशी वैध व्हिसा असलेली तुझ्यासारखी मुलं तिच्यातून वगळली गेली. हा अन्यायच आहे. पण त्या मुलांच्या पदरात तरी काय पडलं? दोन वर्षांपुरती हद्दपारीपासून सूट आणि कामाचा परवाना. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज. नागरिकत्वाकडे जाणारी वाट नाही. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही योजना पाच विरुद्ध चार मतांनी वाचली. त्यांना कायमचा हक्क देऊ पाहणारा ड्रीम ॲक्ट 2001 पासून अमेरिकी संसदेत पुन्हा पुन्हा मांडला जातो, पण अजून कायदा झालेला नाही.

नुसता आसरा आणि कायमचा हक्क यांतला फरक आपल्या जिल्ह्यानेही पाहिलाय. तुझ्या आईच्या लग्नाचा बस्ता आम्ही गांधीनगरला बांधला होता. कोल्हापूरशेजारच्या या कापडपेठेच्या जागी, वळिवड्यात, 1943 साली पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात, कझाकस्तानात पिटाळलेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली होती. सुमारे पाच हजार, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. बराकींच्या वस्तीत शाळा आल्या, चर्च आलं, दवाखाना आला. आपल्या जिल्ह्याने त्यांना जी माया दिली, ती त्या मुलांनी म्हातारपणीही आठवणीत जपली. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. तरी तो आसरा युद्धापुरताच होता. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली आणि पंचगंगेच्या काठी वाढलेली मुलं देशोदेशी पांगली.

त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं राहायला आली. त्यांच्या मुलांनीही सीमा आपल्या मर्जीने ओलांडली नव्हती. पण राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्या अशा कुटुंबांना नागरिकत्व दिलं: 19 जुलै 1948 पूर्वी येऊन इथे राहिलेल्यांना थेट, त्यानंतर आलेल्यांना नोंदणी करून. पुढे छावणीचं गांधीनगर झालं आणि तिथली पेठ अख्ख्या जिल्ह्याची झाली. पोलिश मुलांना छप्पर मिळालं. सिंधी मुलांना छपराबरोबर उद्याची खात्रीही मिळाली. ही खात्री नुसत्या मायेने देता येत नाही. ती कायद्यानेच द्यावी लागते.

म्हणून तू कायदा माग. तुझ्यासारख्यांसाठीचं 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' हे विधेयक 2021 पासून मांडलं जातंय. तुमच्या लोकप्रतिनिधीला पत्र लिही, भेट, बोल. विद्यार्थी व्हिसाचा अर्जही वेळेत कर. त्यात माघार नाही. आजऱ्याला घनसाळाचा भात खायला तू कधीही ये, पण हौसेने ये. हाकलून दिलं म्हणून यायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

आणि आपली बाजू मांडताना "आम्ही कायदेशीर, ते बेकायदेशीर" असं कधी म्हणू नकोस. अडीच वर्षांच्या लेकराने कुठलाच नियम पाळलेला नसतो, कुठलाच मोडलेलाही नसतो. तू या वाक्यावर ठाम उभी राहिलीस, तर ती मुलंही तुझ्याच बाजूची आहेत. मागायचं ते त्यांच्यासकट माग.

तुझी,
मावशी