चाळीच्या पट्टीतले खेळ

गिरगावच्या चाळींना मैदान नव्हते. समोरासमोरच्या दोन इमारतींमधली फरसबंद पट्टी, जिन्याखालचा काळोख, मजल्यामजल्यावरच्या लांब गॅलऱ्या आणि वर गच्ची. एवढ्यात पोरांनी संध्याकाळ बसवली. त्यामुळे खेळाचे अर्धे नियम जागेनेच ठरवले. क्रिकेटमध्ये चेंडू कुणाच्या गॅलरीत गेला की फलंदाज बाद, शिवाय तो मागून आणायचे कामही त्याचेच. लगोरीच्या सात खापऱ्या भिंतीपासून जरा दूर रचायच्या, नाहीतर चेंडू लगेच परतून येई आणि पळायला उसंत मिळत नसे. लपंडावात जिन्याखालची जागा सर्वांत सुरक्षित वाटे. राज्य घेणाऱ्यालाही ती ठाऊक असल्यामुळे पहिला भिडू बहुधा तिथेच सापडे.

दुपारी वडीलधारी माणसे आडवी झाली की आरडाओरड बंद. मग गॅलरीत मुलींचे सागरगोटे निघत, किंवा फुटक्या बांगड्यांचे काचापाणी: फरशीवर विखुरलेल्या तुकड्यांतला एक बोटाने सरकवून काढायचा, शेजारचा हलता कामा नये. श्वास रोखून खेळायचा हा खेळ धावपळीच्या खेळांपेक्षा तसूभरही सोपा नाही.

फरसबंदीत गल खणता येत नसे, म्हणून गोट्या कडेच्या मातीत. भोवऱ्याची आर मात्र फरशीवर झकास फिरे. संक्रांतीला सगळा कारभार गच्चीवर जाई. विटीदांडूला चाळीत वाव कमीच. विटी उडाली की खिडकी आणि डोळा, दोन्हींची धास्ती. तो खेळ मे महिन्यात, गावी गेलेल्या मुलांना कापणी झालेल्या मळ्यात मिळे. सूरपारंब्यांना तर वडच हवा. राज्य असलेला गडी दूर फेकलेली काठी आणेपर्यंत बाकीचे पारंब्यांना लोंबकळत वर चढलेले असत.

खेळातला बराच वेळ वादात जाई. रडीचा डाव कोण खेळला, ‘टाइम प्लीज’ आधी म्हटले की नंतर, यावर पाच-दहा मिनिटे सहज जात, आणि पंच कुणीच नसल्याने निकाल खेळणाऱ्यांनीच लावायचा. धाकट्या भावंडाला वगळता येत नसे. घरातून तशी ताकीदच असे. त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे: त्याने धावायचे, ओरडायचे, पण बाद व्हायचे नाही. कोणत्याही क्रीडासंघटनेला सुचला नसता असा हा नियम.

हुतूतू आणि खो-खो यांचे नियम पुढे लिहिले गेले, मैदानाची मापे ठरली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला, पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. लगोरी, काचापाणी, भोवरा यांच्या वाट्याला असे मोठे मैदान आले नाही. ते पट्टीतच राहिले आणि पट्टी आक्रसली तसे तेही आक्रसले. आधी स्कूटर आल्या, मग मोटारी. काही चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहिले. उरलेल्या चाळींत दोन गाड्यांच्या मध्ये खडूने ठिकरीची घरे आखता येतात. लगोरी फुटल्यावर पळायला लागते तेवढी जागा मात्र तिथे नाही.