न हलणारे दोर

नशिराबादहून मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटरच्या वर. इथे केळी, कापूस आणि उन्हाळा यांवर कोणीही तासभर बोलेल, पण शिडाच्या बोटीचा विषय सहसा निघत नाही. आमच्याकडे मात्र तो महिनाभर चालू होता.

माझा भाचा गोव्यात शिडाच्या बोटींच्या दुरुस्तीचे काम करतो. एक जुनी बोट पावसाळ्यानंतर मुंबईला न्यायची होती आणि ती नेणाऱ्या तिघांत हा एक. त्याने मालकाला सांगितले, "डोलकाठीच्या सगळ्या तारा बदलल्याशिवाय मी हिच्यावर पाय ठेवणार नाही." मालक म्हणाले, तारा तर चकचकीत आहेत, एक धागा तुटलेला नाही, मग लाखाचा खर्च कशाला? धाकट्या बहिणीचा मला फोन आला. "दादा, तू सांग त्याला. हट्टापायी हातचे काम घालवेल. दोन लहान मुली आहेत."

म्हणून मी भाच्याला फोन लावला आणि म्हटले, मला आधी नीट समजावून सांग. शिक्षकाची खोड, दुसरे काय!

त्याने सांगितले ते असे. बोटीवर दोर दोन प्रकारचे. एक हलणारे : शीड चढवायचे, उतरवायचे, खेचायचे. ते हातात येतात, झिजले की दिसतात. दुसरे न हलणारे. डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा. तंबूला तणावे असतात ना, तसेच. आपल्याकडे घड लागलेली केळ वाऱ्याने आडवी होऊ नये म्हणून बांबूचा टेकू देतात किंवा पट्टीने बांधतात, तोच हा विचार. शिडात भरलेल्या वाऱ्याचा सगळा जोर डोलकाठीवर येतो, आणि तिला उभी ठेवतात ते हे तणावे.

ही तार बहुधा स्टेनलेस स्टीलच्या 19 बारीक तारा एकत्र वळून केलेली असते. मग ती गंजते कशी? स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. तो खरवडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा धरतो. पण तारेचे टोक ज्या धातूच्या नळीत दाबून बसवलेले असते, तिथे खारे पाणी झिरपून साचते. आत ऑक्सिजन पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. बाहेरून सगळे चकचकीत! शिवाय बोट वाऱ्याला एक बाजू देते तेव्हा त्या बाजूची तार ताणली जाते, दुसरी सैलावते. बाजू बदलली की उलटे. हजारो वेळा हे झाले की धातू थकतो आणि पूर्वसूचना न देता तुटतो. म्हणून हे तणावे डोळ्यांनी पाहून नव्हे, वर्षे मोजून बदलतात, साधारण दहा ते पंधरा वर्षांनी.

डोलकाठी न उतरवताही हे काम होते. एका वेळी एकच तार सोडायची, तिच्या जागी शीड चढवायचा दोर तात्पुरता बांधायचा, जुन्या तारेच्या मापाने नवी कापायची. शेवटी खालचे पेच फिरवून ताण जुळवायचा आणि डोलकाठीच्या बुडाशी उभे राहून वर बघायचे, सरळ दिसते का.

मी विचारले, हे सगळे केले की धोका संपला का? तो म्हणाला, "नाही मामा." आणि अभिलाष टॉमींचे उदाहरण दिले. 2013 साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांची 'थुरिया' तर नवी बोट, तीही गोव्यातच बांधलेली. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पुढे शस्त्रक्रियेत कण्यात टायटॅनियमच्या सळया घालाव्या लागल्या. सागराला कुणाची हमी नसते. आपल्या हातात असेल तेवढे करायचे, एवढेच.

त्याच शर्यतीत नोव्हेंबरमध्ये प्रशांत महासागरात ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड यांची बोट उलटली. डोलकाठी वाचली, पण बाजूचे खालचे तणावे तिला जिथे जोडलेले असतात, तो बोल्ट सरकला आणि तणावे सैल पडले. हे गृहस्थ हेलकावणाऱ्या डोलकाठीवर चढले, जागा दोरांनी आवळली आणि 29 जानेवारी 2019 रोजी शर्यत जिंकली. वय 73! जिना चढताना कठडा धरणाऱ्या माझ्यासारख्याने हे दोनदा ऐकून घेतले. पुढे हीच बोट 'बायानात' या नावाने टॉमींकडे आली आणि 29 एप्रिल 2023 ला तिच्यातून ते दुसरे आले.

बहिणीला मी फोन करून सांगितले, "तुझा मुलगा हट्ट करत नाहीये, हिशेब करतोय. त्या दोन मुलींचाच हिशेब आहे तो. काम गेले तर जाऊ दे." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं."

काम गेले नाही. मालकांनी कुरकुरत का होईना, पैसे काढले. काढलेल्या तारांची टोके भाच्याने करवतीने कापून पाहिली. बहुतेक धड होती. एका नळीत मात्र आतून भेग होती, नखाएवढी. मालकांचे म्हणणे अजूनही असे की एकीसाठी सगळ्या बदलल्या. पण ती एक कोणती, हे कापण्याआधी सांगणार कोण?

शाळेत असताना दर मेमध्ये वर्गांच्या छपरांची तपासणी व्हावी म्हणून मी अर्ज करायचो. "पडलंय का काही?" असा प्रश्न यायचा. पडल्यावर खर्च मंजूर करणे सोपे, उभे आहे त्यावर करणे अवघड. घरातल्या माणसांचेही तसेच असावे. जो कधी तक्रार करत नाही, त्याची तब्येत आपण शेवटी विचारतो.

बोट मुंबईला सुखरूप पोचली. भाचा दिवाळीला इकडे येतोय, त्याला भरीत-पुरी हवी आहे. तुमच्यापैकी कोणी डोलकाठीच्या बोटीवर काम केले असेल तर जरूर लिहा, त्याला वाचून दाखवीन.