तूर वाळते, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

‘साहेब, आमचं काम जरा वेगळं आहे हं!’

ईआरपीच्या फील्डमध्ये असाल तर हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. नसाल, तर तुमच्या ऑफिसात कुणीतरी माझ्यासारख्या टायवाल्याला ते ऐकवलं असेलच. खरेदी, गोदाम, विक्री, हिशेब, सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आणायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगला वाद सुरू. कंपनीने सॉफ्टवेअरप्रमाणे वागायचं, की सॉफ्टवेअर कंपनीप्रमाणे बदलून घ्यायचं? या वादात मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय. तेही माझ्याच गावाकडे.

मी दीपनगरचा. म्हणजे भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीतला. खिडकीतून धुरांडी दिसायची आणि कोळशाच्या मालगाड्यांच्या खडखडाटाशिवाय झोप यायची नाही. पप्पा स्टोअर्समध्ये. २०१७ च्या सुरुवातीला पुण्याच्या ऑफिसने मला जळगावच्या एका डाळ मिलचं काम दिलं, तेव्हा मी जाम खूश होतो. आईच्या हातची कळण्याची भाकरी, रोज दीपनगर-जळगाव अप-डाउन, वर टीए-डीए!

१ एप्रिलला सिस्टीम चालू करायची होती. शेठना बिल अगदी वडिलांच्या काळासारखंच छापून हवं होतं: वर देवाचं नाव, उजवीकडे दलालाचं, खाली हमाली-तोलाईच्या वेगळ्या ओळी. जुन्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅममधला रोजचा रिपोर्ट हुबेहूब हवा होता. उधारीला तीन भावांपैकी कुणाही दोघांची मंजुरी हवी होती. मी मान डोलावत गेलो. शेठ खूश, माझे बॉस त्याहून खूश, कारण प्रत्येक बदलाचं बिल वेगळं लागत होतं. असे चौदा बदल झाले.

पंधरावा मुनीमकाकांनी मागितला. ‘भाऊ, तूर वाळते. फाटकावर ओलावा लिहायला एक रकाना द्या, आणि माल मिलमध्ये जाताना आणखी एक.’

मी लॅपटॉपवरची नजरही न काढता म्हटलं, ‘काका, स्टॅण्डर्डमध्ये नाही बसत ते. वर्षाअखेरी स्टॉक मोजाल तेव्हा फरक टाका.’ बजेट संपलं होतं, हे खरंच. पण खरं कारण वेगळं होतं. बाकीचे चौदा शेठनी मागितले होते आणि हा मुनीम मागत होते.

त्या वर्षी तुरीचं पीक बंपर होतं. गोदाम छतापर्यंत भरलेलं. फेब्रुवारीत घेतलेला हजार क्विंटलचा एक लॉट आम्ही खरेदीच्या वजनाने सिस्टीममध्ये चढवला होता. जूनमध्ये तो सगळा मिलला गेला, तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: तूट ३३ क्विंटल. त्या वर्षीचा हमीभाव ५,०५० धरला तरी एक लाख सहासष्ट हजारांची तूर. जुन्या प्रोग्रॅममध्ये असं कधी दिसलं नव्हतं, कारण घट मुनीमकाका वहीत अंदाजाने वळती करायचे. आता कॉम्प्युटर बोलला होता, आणि कॉम्प्युटर खोटं बोलत नाही ना! गोदामवाल्या काकांना केबिनमध्ये उभं केलं. बावीस वर्षांची नोकरी. किल्ल्या काढून घेतल्या. मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो. तो रिपोर्ट मीच उघडून दाखवला होता.

रात्री जेवताना पप्पांना हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘तोलली कधी?’ मग पेपरच्या कडेला पेनने गणित मांडलं. बारा टक्के ओलाव्याचे हजार क्विंटल, म्हणजे निव्वळ कोरडा माल ८८०. खान्देशच्या उन्हाळ्यात ओलावा नऊवर आला की वजन उरतं ९६७.

‘हे घे तुझे तेहतीस. कोळशाचंही असंच असतं. नुसतं वजन काय कामाचं, ओलावा नको का बघायला?’

घास घशाखाली उतरेना.

त्याच रात्री त्यांनी स्टोअर्समधली एक गंमत सांगितली. न हलणाऱ्या मालाची यादी काढली की कुणीतरी हमखास म्हणतं, हे भंगारात काढा, वीस वर्षं पडून आहे. पण २१० मेगावॅटच्या संचाचे काही सुटे भाग पडून राहण्यासाठीच घेतलेले असतात! ज्या दिवशी लागतील त्या दिवशी बाजारात मिळणार नाहीत. मी म्हटलं, ‘पप्पा, त्याला सॉफ्टवेअर बदलावं नाही लागत. त्या वस्तूंना वेगळा कोड दिला, झालं.’ म्हणजे पॅण्टची उंची मारून घेण्यासारखं. नवी पॅण्ट शिवायची गरज नाही. शेठच्या चौदापैकी कितीतरी गोष्टी अशा नुसत्या सेटिंगने भागल्या असत्या, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. पण सेटिंगचं वेगळं बिल कोण लावणार?

आणि मग आली ३० जूनची मध्यरात्र. जीएसटी! सॉफ्टवेअर कंपनीचा अपडेट तयारच होता. ज्यांनी काही बदललं नव्हतं, त्यांच्याकडे तो सरळ बसला. आमच्याकडे त्याची गाठ माझ्या त्या देखण्या बिलाशी पडली. ब्रॅण्डच्या नावाने पॅक केलेल्या डाळीवर पाच टक्के, सुट्या डाळीवर शून्य. आणि आमच्या बिलात असा फरक करायला जागाच नव्हती, कारण ती जागा आम्ही देवाच्या नावाला आणि हमालीला दिलेली. दोन दिवस भरलेले ट्रक आवारात उभे. मुनीमकाकांनी शांतपणे बिलबुक काढलं आणि हाताने बिलं लिहिली.

हे फक्त जळगावातच होतं असं नाही. लिडल या जर्मन सुपरमार्केटवाल्यांनी २०१८ मध्ये सात वर्षं चाललेला सॅपचा प्रोजेक्ट बंद केला. खर्च सुमारे ५० कोटी युरो, अशी बातमी होती. कारणांपैकी एक असं सांगितलं गेलं की मालाची किंमत विक्रीच्या भावाने धरायची सॉफ्टवेअरची पद्धत त्यांना नको होती. त्यांची सवय खरेदीच्या भावाची. आता बोला!

जुलैभर मी जळगावातच होतो. चौदापैकी अकरा बदल काढून टाकले. बिल आता सगळ्यांसारखंच छापतं. शेठ आठवडाभर कुरकुरले, गिऱ्हाइकांपैकी एकानेही विचारलं नाही. ओलाव्याचे दोन रकाने मात्र दोन दिवसांत करून दिले, फुकट. तेवढ्यावर अजून कुठल्याच अपडेटने डोकं दुखवलेलं नाही.

आता कुणी ‘आमचं काम वेगळं आहे’ म्हणालं की मी विचारतो, हे नसेल तर पैसे कुठे जातात, दाखवा. बहुतेक वेळा केबिनमध्ये शांतता पसरते. मग मी वजनकाट्यावर जाऊन उभा राहतो, वह्या लिहिणाऱ्याशेजारी. बॉसना वाटतं मी टाइमपास करतो.

गोदामवाल्या काकांच्या हातात किल्ल्या आठवडाभराने परत आल्या. पुढच्या व्हिजिटला त्यांनी मला चहा आणून दिला. मी ‘काका, त्या दिवशी...’ एवढंच म्हणालो, तर म्हणाले, ‘गरम होतंय ना भाऊ? पंखा लावतो.’ आणि उठून गेले.