पाहुण्याच्या कोटाची खुंटी

गिरगाव, मुंबई

चि. निनाद,


दारामागच्या तीन खुंट्यांपैकी मधली कायम रिकामी का, असं तू परवा विचारलंस. तुझ्या बाबांनी "पाहुण्यांची आहे" म्हणून फोन माझ्या हातात दिला. पण एवढ्याने भागत नाही. शिवाय लंडनच्या ऑफिसात आता तुला रोज कोट चढवायचाय, तेव्हा सविस्तरच लिहिते.

तुझे पणजोबा फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून. धोतर, काळी टोपी, वर अल्पाकाचा कोट. मे महिन्यातसुद्धा साहेबाच्या आधी कोणी कोट उतरवत नसे. संध्याकाळी असाच कुणीतरी ओळखीचा कचेरीतून परस्पर आपल्या चाळीत यायचा, तो घामाने निथळत असायचा. यजमान म्हणेपर्यंत कोट काढायचा नाही, आणि काढला तरी त्या एका खोलीत ठेवणार कुठे? खाटेवर पोरं लोळायची. खुर्चीच्या पाठीवर टाकला तर त्याचा घेर जमिनीला लागायचा. म्हणून पणजोबांनी मधली खुंटी मोकळी राखली.

माणूस टेकला की ते म्हणायचे, "कोट काढा, मोकळे बसा." मग स्वतः उठून कोट घ्यायचे आणि कॉलरच्या आतल्या फाशाने खुंटीला अडकवायचे. खिशांना हात लागू द्यायचे नाहीत, कारण खिशात माणसाचे पैसे असतात, पत्रं असतात. आणि हे एकदाच विचारायचं. पाहुणा "असू द्या" म्हणाला की विषय संपला. जेवणाचा आग्रह वेगळा, कोटाचा वेगळा. कोटाखालचा सदरा विरलेला असेल, पाठीवर ठिगळ असेल. ते चारचौघांत उघडं पाडायचा अधिकार आपल्याला नाही, असं ते म्हणत. आपल्या घराण्यातली यापेक्षा मोठी शिकवण मला ठाऊक नाही.

तुझे आजोबा परळच्या रात्रशाळेत गिरणी कामगारांना शिकवायचे. पाळी संपवून आलेले काही जण मुद्दाम कोट घालून वर्गात बसायचे. त्यांना "काढून ठेवा" असं आजोबा कधीच म्हणाले नाहीत. त्याच परळच्या बी.आय.टी. चाळीत पूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत. 1923 साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, आणि 1924 साली दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. ज्यांनी काय नेसावं, कोणते दागिने घालावेत हे पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांना ते अंगावरच्या कपड्यांबद्दल फार ठामपणे सांगत. 1927 साली महाडला त्यांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, असं सांगितलं. सुटाबुटातले बाबासाहेब गावोगावच्या पुतळ्यांत उभे आहेत, त्याचा अर्थ मला इथे लागतो. कोट घालणं हा कुणासाठी हक्क असतो. तो कधी उतरवायचा, हेही त्यानेच ठरवायचं.

आम्हा वकिलांचं थोडं निराळं. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नाही. भोईवाड्याच्या कोर्टात मी पांढऱ्या कपड्यांवर गळ्यात बँड लावून उभी राहते. हायकोर्टात मात्र ती सवलत नाही. 2020 च्या मे महिन्यात ऑनलाइन सुनावण्यांपुरती सुप्रीम कोर्टाने कोट-गाऊनमधून सूट दिली, तेव्हा बरं वाटलं, तरी आरशात अर्धवट तयार झाल्यासारखं दिसायचं.

लोकलमध्ये मी कोट अंगावर घालत नाही. गर्दीत शेजारणीला त्याचा उबारा आणि घाम दोन्ही लागतात. पद्धत बघून ठेव: दोन्ही खांद्यांत आतून मूठ घालायची, उजवा खांदा उलटा करून डाव्यावर बसवायचा. अस्तर बाहेर येतं, कापड आत राहतं. मग मधोमध दुमडून डाव्या हातावर घ्यायचा. रॅकवर टाकलास तर वर कुणाची तरी बॅग येणारच.

तिकडे जेवणाला गेलास तर यजमानाने काढेपर्यंत थांब, किंवा सरळ विचार. तुझ्या खोलीवर कोणी आलं तर दाराजवळ एक हुक मोकळा ठेव आणि एकदाच विचार. डिसेंबरात येताना जाड कोट अंगावर घालूनच विमानात बस, बॅगेत फार चुरगळतो.

तुझी,
आत्या