कार्ड बिचारं रिकामंच होतं!

वरळी कोळीवाड्यातली आमची खोली, मे महिना, रात्रीचे दोन. ग्राफिक्स कार्डचा क्लॉक दहा टक्क्यांनी चढवला. पंखा बोंबलायला लागला आणि गेममधले फ्रेम्स? ७२ चे ७३! आता लॅमिंग्टन रोड गाठून नवं कार्ड घ्यायचं, म्हणजे दोन महिन्यांचं मानधन स्वाहा.

पहिला संशय उकाड्यावर. कार्ड जास्त तापलं की आपणच वेग उतरवतं. पण टेम्परेचर ७० अंशच. ड्रायव्हर नव्याने टाकला, तरी जैसे थे. शेवटी धाकटा भाऊ अंथरुणातूनच म्हणाला, "दादा, कार्ड किती टक्के राबतंय ते बघ ना!"

५५ टक्के! प्रोसेसर जुना. तो पुढच्या फ्रेमची तयारी करेपर्यंत कार्ड हाताची घडी घालून बसलेलं. रिझोल्यूशन उतरवून पाहिलं, फ्रेम्स तेवढेच. म्हणजे दोष कार्डाचा नव्हताच. नवं आणलं असतं तर तेही बसूनच राहिलं असतं.

क्लॉक मूळ जागी आणला आणि झोपलो. महिनाभर मीही रात्री जागून दुप्पट लेख पाडत होतो, तरी खात्यात जमा शून्य. चेक सगळे अकाउंट्समध्ये अडकलेले. सकाळी लेख नाही लिहिला. आधी तिकडे फोन लावला.