काकांच्या गाडीतला नळ

आमच्या प्रतापनगरच्या घरी काकांची मर्सिडीज आहे, ई 220. नाव जर्मन असले तरी गाडी पुण्याची. 1995 पासून ही मोटार पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडली जाऊ लागली. काकांनी ती जुनी झाल्यावर, परवडेल अशा किमतीत घेतली होती. काका गेले आणि गाडी आम्हा दोघा भावांकडे आली.

गेल्या उन्हाळ्यात तिचा एसी गरम हवा फेकू लागला. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, तेही भर दुपारी. काकू तक्रार करत नसत, पदराने वारा घेत बसत. एका गॅरेजवाल्याने निदान केले, "साहेब, कॉम्प्रेसर गयो." खर्च ऐकून आम्ही गाडी विकायचेच ठरवले. काकू एवढेच म्हणाल्या, "विका रे बाबांनो, पण आधी उघडून तरी बघा. हे असते तर बघितल्याशिवाय राहिले नसते."

त्या रविवारी आम्ही बॉनेट उघडले. एसी चालू करून त्याच्या जाड नळीला हात लावला, तर ती गार! वर पाण्याचे थेंबही जमलेले. म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत होता. मग हवा तापत होती कुठे?

उत्तर हीटरमध्ये सापडले. इंजिनाचे गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरते आणि तिच्यावरून जाणारी हवा तापते. पुष्कळ गाड्यांत आतली झडप फिरवून ही हवा वळवतात. या गाडीत मात्र थंड झालेली हवासुद्धा त्या जाळीतूनच पुढे जाते आणि पाण्याचा नळ विजेवर उघडतो-मिटतो. तापमानाची चकती अगदी थंडाकडे फिरवली तरी नळापुढची रबरी नळी चटका देत होती. नळ मिटतच नव्हता.

दोष विजेचा की नळाचा? आम्ही नळाचा प्लग काढून पुन्हा लावला. 'टक्' असा आवाज आला. म्हणजे वीज पोहोचत होती, कॉइलही शाबूत होती. इंजिन पूर्ण गार झाल्यावर वरचे स्क्रू काढले. आतला दांडा पांढऱ्या क्षाराने माखलेला आणि रबरी पडदा फाटलेला! क्षार कुठून आला, हे विचारायला नको होते. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी आम्हीच ओतत होतो. गॅरेजवाल्याला नावे ठेवणारे आमचे तोंड तिथे बंद झाले.

मुंबईहून आतला सुटा भाग मागवला, नळ साफ केला, सगळे जुने पाणी काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरले. सोमवारच्या फेरीआधी गाडी थंड झाली.

पण एक प्रश्न उरला. वीज मिळाली की हा नळ मिटतो आणि वीज गेली की उघडतो. बडोद्याच्या माणसाला हे उलटेच वाटेल. विचार केल्यावर उलगडा झाला. बनवणारा जर्मनीतला. तिथल्या हिवाळ्यात हीटर बंद पडला तर काचेवर बर्फ धरते आणि समोरचे दिसत नाही. म्हणून यंत्र बिघडलेच तर ते उष्णतेच्या बाजूला बिघडावे, अशी त्याने सोय केली. त्याची सुरक्षित बाजू ती आमची घामाची बाजू!

हीच युक्ती प्रतापनगरला नवी नाही. आमचे आजोबा इथल्या रेल्वे वर्कशॉपात होते. नॅरोगेजच्या गाड्यांचा व्हॅक्यूम ब्रेक ते आम्हाला समजावून सांगत. नळीत निर्वात असेपर्यंत ब्रेक सुटलेला. डबे तुटले, नळी निसटली की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतो. गाडी पळत सुटण्यापेक्षा थांबलेली बरी. कोणतेही यंत्र कधीतरी बिघडणारच. बिघडल्यावर ते कोणत्या बाजूला झुकावे, हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ते ओळखले की निम्मी दुरुस्ती झाली.

विद्यार्थी मित्रांनो, घरातली वस्तू बिघडली तर टाकून देण्याआधी ती कशी चालते ते विचारा. मात्र गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते. आणि काढलेले कूलंट उघडे ठेवू नका. ते चवीला गोड पण विषारी असते, कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.

सोमवारी काकू गाडीत बसल्या. अकोट्यापर्यंत गप्प होत्या. मग पदर अंगाभोवती लपेटत म्हणाल्या, "अरे, जरा कमी करा, गारठले मी."

आम्ही चकती किंचित फिरवली. नळ तेवढाच उघडला.